सतरंजीवरचा माणूस कार्यकर्ता कसा होतो
वर्धा जिल्ह्यातील गुरुदेव सेवा मंडळ आणि तरुणांचा सहभाग

नागपूरहून अमरावतीकडे जाताना कारंजा आणि तळेगाव मागे पडले की वर्धा नदी लागते. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि तिवस्याच्या पुढे मोझरीचा गुरुकुंज आश्रम येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली उभारलेला हा आश्रम म्हणजे अखिल भारतीय श्री गुरुदेव सेवा मंडळाचे मुख्य केंद्र. आश्रम अमरावती जिल्ह्यात असला तरी त्याचे काम नदीच्या या, वर्धा जिल्ह्याकडच्या काठावरही तितकेच रुजले आहे. आष्टी, आर्वी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कुठल्याही तालुक्यात जा, भगवी टोपी घातलेली, भेटल्यावर ‘जय गुरु’ म्हणणारी माणसे भेटतीलच.

या मंडळाचे काम प्रचाराचे आहे, पण त्यात कुणाला आपला धर्म सोडायला सांगितले जात नाही. गाव स्वच्छ असावे, व्यसनापासून दूर असावे, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी आणि मिळूनच गावाचे प्रश्न सोडवावेत, एवढाच हा प्रचार. तो पगारी माणसांवर चालत नाही. रोज संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसणारा शेतकरी, शेतमजूर, शिक्षक आणि शाळकरी पोर हेच प्रचारक. म्हणून दोन प्रश्न फार महत्त्वाचे ठरतात. भजनाला येणारा माणूस कार्यकर्ता कसा होतो? आणि बापाच्या मागे मुलगाही त्याच सतरंजीवर येऊन बसेल, याची तजवीज कशी करायची? ही रीत नीट समजावून घ्यावी, यासाठी हा लेख.

प्रचाराची कल्पना कुठून आली

तुकडोजी महाराजांचा जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मूळ नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरणे हेच त्यांचे साधन होते. पुढे त्या भजनात देवाइतकेच गावही आले. गावातली घाण, दारू, कर्ज, जातीचा विटाळ, हुंडा, आळस हे सगळे विषय खंजिरीच्या ठेक्यावर लोकांसमोर येऊ लागले.

1936 साल वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्या वर्षी 30 एप्रिलला गांधीजी शेगावला राहायला आले. हेच शेगाव 1940 साली सेवाग्राम झाले. त्याच वर्षी तुकडोजी महाराजांचा शेगावला सुमारे महिनाभर मुक्काम झाला. आश्रमातली सकाळ-संध्याकाळची सामूहिक सर्वधर्म प्रार्थना, सफाई आणि श्रम हे सारे त्यांनी जवळून पाहिले.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक पाहुणा शेगावला आला, अमेरिकेचे जॉन मॉट. जगभरच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांना मिशनकार्यात आणण्यात या माणसाचा हात मोठा होता. 1886 साली अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनकार्याला जाण्याची तयारी दाखवली होती आणि मॉट त्या शंभरांतले एक होते. पुढे 1946 साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेगावच्या त्या चर्चेत गांधीजींची भूमिका स्वच्छ होती. सेवा अवश्य करा, पण सेवेच्या पोटात धर्मांतराचा हेतू ठेवू नका. ज्याचे आयुष्यच बोलते, त्याला वेगळा उपदेश करावा लागत नाही. प्रचार कसा असावा, यावरचा हा वाद वर्धा जिल्ह्यातल्या एका साध्या खेड्यात, मातीच्या कुटीजवळ झाला, हे इथल्या तरुणांना माहीत असायला हवे. गुरुदेव सेवा मंडळाचा प्रचार याच कसोटीवर तपासता येतो.

1942 च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ आंदोलनात आष्टी आणि चिमूर पेटले. 16 ऑगस्टला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. म्हणून आज त्या गावाला आष्टी (शहीद) म्हणतात. महाराजांच्या भजनांनी या भागातले लोक आधीच जागे केले होते. सरकारने ते ओळखले आणि त्याच महिन्यात त्यांना अटक करून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवले. सतरंजीवर बसणारी माणसे वेळ आली की काय करू शकतात, याचा हा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे.

1955 च्या ‘ग्रामगीते’त महाराजांनी हा सगळा अनुभव ओवीबद्ध केला. एकेचाळीस अध्यायांच्या या ग्रंथात ‘प्रचार-महिमा’, ‘सेवा-सामर्थ्य’ आणि ‘संघटन-शक्ति’ हे अध्याय एकापाठोपाठ येतात. नुसता प्रचार पोकळ राहतो, त्याच्या पाठीशी सेवा लागते. एकट्याची सेवा थकते, म्हणून संघटन लागते. मंडळाचे सारे काम या क्रमाने उभे आहे.

मंडळाची मांडणी

गावातले मंडळ ही पहिली पायरी. त्यात नियमाने प्रार्थनेला येणारे उपासक असतात. त्यांच्यातल्या एकाकडे ग्रामसेवाधिकारी ही जबाबदारी येते. त्यावर तालुका सेवाधिकारी, जिल्हा सेवाधिकारी आणि शेवटी गुरुकुंजातले मध्यवर्ती मंडळ. यांच्या जोडीला प्रचारक असतात. काही जण घरसंसार सांभाळून सवडीने फिरतात, तर काहींनी सारे आयुष्यच या कामाला वाहिलेले असते. त्यांना आजीवन प्रचारक म्हणतात.

ही उतरंड कागदावर सरकारी खात्यासारखी दिसेल, पण ती चालते उलट्या दिशेने. वरून हुकूम आला म्हणून गावात झाडू निघत नाही. गावातले दहा जण रोज एकत्र बसत असतील तरच तालुक्याच्या सेवाधिकाऱ्याला काही करता येते. म्हणून मंडळाचे खरे बळ मोजायचे तर आश्रमातल्या उत्सवाची गर्दी पाहू नये. पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी गावच्या प्रार्थनेला किती जण आले, ते पाहावे.

पहिली पायरी: सामुदायिक प्रार्थना

नवा माणूस मंडळात येतो तो बहुधा संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेच्या वाटेने. जागा म्हणजे मंदिराचा सभामंडप, समाजभवन, शाळेचा व्हरांडा किंवा कुणाच्या घरचे अंगण. समोर अधिष्ठान मांडतात. स्वच्छ कापड अंथरलेले आसन, महाराजांचा फोटो, समई, उदबत्ती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मुले पुढे, असे सरळ रांगेत बसतात. कोण पाटील आणि कोण मजूर हे रांगेत दिसत नाही आणि दिसू नये, हाच त्या बैठकीचा पहिला धडा. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी 1928 साली लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुले केले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. गुरुदेवाच्या प्रार्थनेत हीच गोष्ट रोज, गाजावाजा न करता घडावी, असा महाराजांचा आग्रह होता.

प्रार्थना, क्षणभर मौन, भजन, ग्रामगीतेचे वाचन, त्यावर थोडे चिंतन, राष्ट्रवंदना, जयघोष, असा कार्यक्रम असतो. बराचसा भाग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा असल्याने नुसते ऐकत बसणारा कुणी उरत नाही. चार-आठ दिवसांत नव्या माणसाचेही पाठांतर होते.

मंडळात माणसे टिकवायची गुरुकिल्ली इथे आहे. अनुभवी सेवाधिकारी प्रार्थनेची कामे एका हाती ठेवत नाही. सतरंजी एकाने अंथरायची, समई दुसऱ्याने लावायची, पेटी तिसऱ्याने काढायची, वाचन चौथ्याकडे, दुसऱ्या दिवशी घरोघर निरोप द्यायचा पाचव्याने. ज्याच्याकडे काम असते तो ‘आज जाऊ का नको’ असा विचार करत नाही, कारण तो गेला नाही तर सतरंजी अंथरली जाणार नाही. आणि ज्याच्याकडे काहीच नाही, तो दोन पाऊस पडले की येणे बंद करतो. गावोगावची मंडळे कशी सुरू राहतात आणि कशी बंद पडतात, ते पाहिले की हा फरक लगेच ध्यानात येतो.

चिंतनाचेही तसेच. दहा मिनिटे एकच वडीलधारा बोलत राहिला तर पोरे जांभया देतात. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस कॉलेजातल्या मुलीने किंवा मुलाने पाच मिनिटे बोलायचे, असा नियम केला तर घरी तयारी होते, आईबाप ऐकायला येतात आणि बोलणाऱ्याची भीड चेपते. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत पुढे उठून बोलणारी तरुण मंडळी बहुधा अशाच बैठकीत तयार झालेली असते.

दुसरी पायरी: पहाटेची ग्रामसफाई आणि रामधून

प्रार्थनेला बसणारा माणूस कामाला लागतो तो पहाटे. ग्रामजयंतीला म्हणजे महाराजांच्या जयंतीला, त्यांच्या पुण्यतिथीच्या सप्ताहात किंवा एखाद्या ठरलेल्या दिवशी गावात ग्रामसफाई आणि रामधून निघते. सूर्य उगवण्याआधी सामुदायिक ध्यान होते. पंधरा-वीस मिनिटे सगळे डोळे मिटून शांत बसतात. मग सफाई.

चांगली सफाई आखून होते. आदल्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर गल्ल्या वाटून द्यायच्या. प्रत्येक गल्लीत पाच-सहा जण, एक जाणता, बाकी तरुण. खराटा, फावडे, घमेले आणि टोपली कुणाच्या घरून आणायची, तेही आदल्या दिवशीच ठरते. नाली उपसणारे वेगळे, कचरा झाडणारे वेगळे, गाळ आणि कचरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत भरून खड्ड्यापर्यंत नेणारे वेगळे. नाली उपसायचे काम नव्या पोरांच्या माथी मारायचे नाही. आधी सेवाधिकाऱ्याने स्वतः फावडे हातात घ्यायचे. मंडळातला वडील माणूस गुडघाभर गाळात उभा दिसला की पोरांना वेगळे सांगावे लागत नाही.

इकडे गल्ल्या साफ होतात आणि तिकडे घराघरातल्या बायका दारात सडा घालतात, रांगोळ्या काढतात. मग टाळ, खंजिरी आणि भजनाच्या गजरात रामधून निघते. चावडी, मारुतीचे देऊळ, बुद्धविहाराचा रस्ता, शेवटची वस्ती, सगळीकडून ती फिरली पाहिजे. मंडळाची रामधून गावाच्या कोणत्या गल्लीत जात नाही, हे पाहिले की मंडळ किती खरे आहे ते कळते. जी वस्ती वगळली जाते तिथल्या तरुणांनी मंडळात का यावे? म्हणून फेरीचा मार्ग ठरवताना प्रत्येक वस्तीतला एक तरी माणूस त्या बैठकीला असावा.

तिसरी पायरी: खंजिरी

तरुणांना मंडळात ओढणारी सगळ्यात मोठी गोष्ट खंजिरी आहे. लाकडाचे एक छोटे कडे, एका अंगाला ताणून बसवलेले कातडे आणि कड्याच्या खाचेत छोट्या झांजा. डाव्या हातात कडे धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. दिसायला सोपे आहे, पण बोटे, तळवा आणि मनगट यांचा मेळ बसायला महिनोन्‌महिने जातात. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, मग ते शेकून घ्यावे लागते. कुठवर शेकायचे, हे सांगून कळत नाही, जाणत्याशेजारी बसून कानाने शिकावे लागते.

म्हणूनच खंजिरी शिकताना म्हातारे आणि पोरे एकत्र येतात. मुलगा वाजवायला शिकायला येतो, पण ठेका शिकताना भजन पाठ होते आणि भजन पाठ झाले की त्यातला विषयही डोक्यात राहतो. पुढे हीच पोरे गावाचे भजन मंडळ उभे करतात. विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. गावाच्या नावाने मंडळ स्पर्धेला जाते, तेव्हा गणवेश, पेटी, जीपचे भाडे आणि सरावाची जागा या सगळ्यासाठी गाव पुढे येते. सप्तखंजिरीवादक सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत प्रबोधनाचे जे कीर्तन उभे केले, ते पाहून कितीतरी मुलांनी खंजिरी हातात घेतली आहे.

स्पर्धेत एक धोका आहे. बक्षिसाच्या मागे लागलेले भजन मंडळ स्पर्धेपुरतेच उरते आणि रोजच्या प्रार्थनेला दिसत नाही. त्यावर उपाय साधा आहे. स्पर्धेला जाणाऱ्या चमूने आठवड्यातून किमान एकदा गावच्या प्रार्थनेत वाजवायचे आणि वर्षातून एक-दोनदा ज्या गावात मंडळ नाही तिथे जाऊन कार्यक्रम करायचा, असे आधीच ठरवावे. मग तरुणांचे वाजवणेच प्रचार ठरते.

चौथी पायरी: शिबिर आणि ग्रामगीतेचा अभ्यास

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची सुसंस्कार शिबिरे भरतात. पहाटे उठणे, ध्यान, व्यायाम, श्रमदान, ग्रामगीता पठण, खेळ, बौद्धिक आणि संध्याकाळची प्रार्थना, असा दिनक्रम असतो. स्वतःचे ताट स्वतः घासणे, स्वतःचे कपडे स्वतः धुणे हा शिबिरातला सगळ्यात जास्त टिकणारा धडा. आईबापांना त्याचे कौतुक वाटते आणि पुढच्या वर्षी धाकटे भावंडही येते. ग्रामगीतेवरच्या परीक्षाही होतात. त्यामुळे ओव्या नुसत्या पाठ न राहता त्यांचा अर्थही मुले लिहू लागतात.

शिबिरात खरे लक्ष द्यावे ते शिबिर चालवणाऱ्या तरुणांकडे. दहा वर्षांचे मूल शिबिरात शिकते, पण अठरा वर्षांचा गटप्रमुख त्याच्याहून जास्त शिकतो. वीस मुले वेळेवर झोपली का, कुणाला ताप आहे का, स्वयंपाकघरात डाळ पुरेल का, हे सगळे त्याला पाहावे लागते. म्हणून ज्या मंडळाला दहा वर्षांनंतरचे कार्यकर्ते हवे आहेत, त्याने शिबिराची सूत्रे पन्नाशीच्या माणसांकडून काढून विशी-पंचविशीच्या मुलामुलींच्या हाती द्यावीत. वडीलधाऱ्यांनी पाठीशी राहावे.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची रीत

तरुणांना काम कसे वाटून द्यावे, याचा उत्तम नमुना जिल्ह्यातच आहे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांचे पहिले दिवस गांधींच्या आश्रमात जातात. प्रार्थना, श्रमदान आणि सूतकताई त्यात येते. पुढे त्या वर्षीची सगळी तुकडी जवळचे एक खेडे दत्तक घेते. तिथे शिबिर भरते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही ठरावीक कुटुंबे दिली जातात. त्यांचे आरोग्य, आहार, घरची स्थिती यांची नोंद त्यानेच ठेवायची आणि शिबिर संपल्यावरही पुढची काही वर्षे नियमाने त्या घरी जायचे.

यात कळीची गोष्ट ‘ठरावीक कुटुंबे’ ही आहे. ‘गावाची सेवा करा’ म्हटले की कुणाच्याच अंगावर काही येत नाही. ‘ही चार घरे तुझी’ म्हटले की त्या चार घरांतल्या आजीचा खोकला, सुनेचे बाळंतपण आणि पोराची शाळा हा आपला प्रश्न होतो. गुरुदेव सेवा मंडळाने गावात हाच प्रयोग करावा. मंडळातल्या प्रत्येक तरुणाकडे पाच घरे. महिन्यातून एकदा तिथे जायचे, चहा घ्यायचा, विचारपूस करायची. उपदेश करायचा नाही. घरात अडचण दिसली तर सेवाधिकाऱ्याच्या कानावर घालायची.

विदर्भात या कामाचे मोल फार आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेला शेतकरी आपण होऊन बोलत नाही. त्याचे भजनाला येणे थांबते, चौकात बसणे थांबते. पाच घरांची जबाबदारी असलेल्या पोराला हे गावातल्या कुणाही आधी कळते. दारूचेही असेच. वर्धा जिल्ह्यात कितीतरी वर्षांपासून दारूबंदी आहे, पण गावात दारू कुठे मिळते हे सगळ्यांना ठाऊक असते. व्यसनमुक्तीचे भाषण ऐकायला पिणारा माणूस येत नाही. त्याच्या घरी जाणारा, त्याच्या मुलांचा अभ्यास घेणारा तरुणच त्याच्याशी एखाद्या सकाळी बोलू शकतो.

बायकांचा वाटा

ग्रामगीतेत ‘महिलोन्नती’ असा स्वतंत्र अध्याय आहे आणि महाराजांनी बायकांना घराच्या आणि गावाच्या सुधारणेचे केंद्र मानले. गावात महिलांचे भजन मंडळ असते तिथे मंडळाची मुळे खोल जातात. बचत गटाची बैठक आणि प्रार्थना एकाच संध्याकाळी ठेवली की दोन्हींना हजेरी चांगली लागते. पण महिला मंडळाचे काम रांगोळी आणि महाप्रसादाचा स्वयंपाक एवढ्यावर थांबवू नये. ग्रामसेवाधिकारी बाई असायला काहीच हरकत नाही. हिशेब, ग्रामगीता वाचन आणि प्रचारफेरीचे नेतृत्व ही कामे मुलींकडे आली की दुसऱ्या मुलींना मंडळ आपले वाटते. पाच घरांच्या कामात तर मुली आणि सुनांचा मोठा आधार असतो. घरातल्या बाईचे दुखणे दुसऱ्या बाईलाच कळते.

वर्षाची परीक्षा: पुण्यतिथी

11 ऑक्टोबर 1968 ला महाराजांनी गुरुकुंजात देह ठेवला. दरवर्षी आश्विन महिन्यात, दिवाळीच्या आधी, तिथे पुण्यतिथी महोत्सव भरतो. गावोगावच्या पालख्या आणि दिंड्या येतात. त्यात वर्धा जिल्ह्यातलीही गावे असतात. दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा तो समुदाय एकदम शांत होतो आणि मौन श्रद्धांजली वाहतो.

गावच्या मंडळाने पदयात्रा काढायची ठरवली की त्याची सारी शक्ती पणाला लागते. किती माणसे, मुक्काम कुठे, जेवण कोणत्या गावाकडे, म्हातारी माणसे थकली तर गाडी कुणाची, औषधाची पेटी कुणाकडे, वर्गणीचा हिशेब कोण लिहिणार. हे सगळे ठरवायला महिनाभर आधी बसावे लागते. हाच तो महिना, ज्यात नवे कार्यकर्ते तयार होतात. म्हणून पदयात्रेची जबाबदारी पाच-सहा तरुणांच्या समितीकडे द्यावी आणि परत आल्यावर सगळ्या गावासमोर प्रार्थनेच्या वेळी हिशेब वाचून दाखवावा. पै-पैचा हिशेब उघड मांडणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी वर्गणी मागावी लागत नाही.

कामाला गेलेली पोरे

बुटीबोरीच्या एमआयडीसीत, नागपुरात, पुण्यात कामाला गेलेली पोरे मंडळाच्या हातून निसटतात, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण ती पोरे तुटलेली नसतात, दिवाळीला ती गावात येतातच. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर रोजच्या प्रार्थनेचा एक फोटो, महिन्याचा हिशेब आणि पुढच्या श्रमदानाची तारीख एवढे नियमाने गेले तरी नाते टिकते. वाचनालयाची पुस्तके, शिबिरातल्या मुलांच्या वह्या, संगणकाचे काम यातला एखादा भार त्यांनी दुरून उचलावा. पोळ्याला किंवा दिवाळीला घरी आल्यावर एक सकाळ ग्रामसफाईला द्यावी. त्यांना ‘तुम्ही आता शहराचे झालात’ असे ऐकवणाऱ्या मंडळाकडे ती फिरकणार नाहीत.

काम कुठे बिघडते

मंडळे बंद पडण्याची कारणे ठरलेली आहेत. पद घरातच राहते. निवडणूक आली की प्रार्थनेची सतरंजी प्रचाराची सतरंजी होते. भाऊबंदकीचे भांडण मंडळात येते. एखाद्या वस्तीला कळत-नकळत दूर ठेवले जाते. तरुणांना फक्त खुर्च्या उचलायला बोलावतात आणि निर्णय मात्र वडीलधारे घेतात.

यावरची पथ्येही माहीत आहेत. सेवाधिकाऱ्याची मुदत ठरलेली असावी. मंडळाच्या बैठकीत कुठल्याही पक्षाचे नाव निघू नये. हिशेब उघडा असावा. दर पदावर अनुभवी माणसासोबत एक तरुण जोडीला असावा, म्हणजे हस्तांतर आपोआप होते. आणि सेवेच्या बदल्यात कुणाकडून काही घ्यायचे नाही, ना मत, ना मानपान, ना आपल्या मताला होकार. शेगावच्या त्या कुटीजवळ 1936 साली जी अट बोलली गेली, तीच ही अट.

नवे मंडळ सुरू करायचे असेल तर

ज्या गावात मंडळ नाही किंवा होते आणि बंद पडले, तिथल्या तरुणांसाठी एवढेच सांगणे. आधी फलक रंगवू नका, उद्घाटनाला पुढारी बोलावू नका. पाच घरे अशी गाठा, जिथून रोज एक माणूस संध्याकाळी अर्धा तास देईल. एक जागा आणि एक वेळ ठरवा आणि तीन महिने ती चुकवू नका. शेजारच्या गावच्या चांगल्या मंडळात जाऊन प्रार्थनेची रीत शिकून या. मग महिन्यातून एक पहाट सफाईला द्या. त्यानंतर खंजिरी. उन्हाळ्यात तीन दिवसांचे छोटे शिबिर. वर्ष सरले की घरे वाटून घ्या. तालुक्याच्या सेवाधिकाऱ्याकडे जाऊन नाव नोंदवायचे ते यानंतर.

वर्धा जिल्ह्याला गांधी, विनोबा आणि तुकडोजी महाराज तिघांचाही सहवास लाभला. त्यांची स्मारके पाहायला बाहेरून माणसे येतात आणि येत राहतील. पण इथे राहणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी आहे. आपल्या गावात आज संध्याकाळी प्रार्थना होत असेल तर जाऊन बसा आणि सेवाधिकाऱ्याला विचारा, माझ्याकडे कोणते काम देता? होत नसेल तर उद्यापासून सतरंजी तुम्ही अंथरा.